कानातला आवाज आणि कानामागचं यंत्र

कुणाच्या कानात शिट्टी वाजत राहते, कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरमधून वाफ सुटल्यासारखा फस्स आवाज. बाहेर काहीच वाजत नसतं. शेजारी बसलेल्याला विचारलं तर त्याला काही ऐकू येत नाही, आणि मग घरात शंका घेतली जाते ती त्या माणसावरच. "तुला भास होतोय", "लक्ष नको देऊस", "वयाचं आहे ते". कानातल्या अशा आवाजाला टिनिटस म्हणतात, आणि तो असलेल्या माणसाला आजारापेक्षा आधी हे ऐकून घ्यावं लागतं. खरं तर 2022 साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा सुमारे 14 टक्के प्रौढांना असा आवाज येतो आणि 2 टक्क्यांच्या आसपास लोकांना तो तीव्र छळतो, असा अंदाज निघाला. एवढी माणसं एकाच वेळी खोटं बोलत नाहीत.

कान तपासणं हे माझं रोजचं काम. पूर्वी लोक यायचे ते "काहीतरी औषध द्या" म्हणत. आता मोबाइलवरची जाहिरात दाखवत येतात : कानामागे लावायचं छोटं यंत्र, उशीखाली ठेवायचा स्पीकर, समुद्राच्या लाटा ऐकवणारं ॲप. ही साधनं उपयोगाची आहेत. पण त्यांच्याभोवती इतके गैरसमज साचलेत की चांगलं यंत्रही चुकीच्या अपेक्षेने घेतलं जातं आणि महिन्याभरात कपाटात जाऊन पडतं.

"आवाज कानात आहे, तर इलाज कानाचाच हवा"

सुरुवात बहुतेकदा कानात होते, हे बरोबर. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी कमी होतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो, विशेषतः बारीक, उंच स्वरांचा. पण जो आवाज ऐकू येतो तो या कमतरतेला मेंदूने दिलेला प्रतिसाद असतो. लांबचं केंद्र नीट लागत नाही म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते, तसं काहीसं श्रवणाच्या मार्गावर घडतं. याचा पुरावाही आहे. कानातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेत ज्यांची श्रवणाची नसच कापावी लागली, त्यांच्यापैकी अनेकांचा आवाज नंतरही चालू राहिला. नस नाही, ऐकू येणं नाही, तरी शिट्टी आहे!

दुसरा पुरावा मला जास्त बोलका वाटतो. 2012 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 18 जणांच्या एका कानात आठवडाभर इअरप्लग ठेवला. त्यांपैकी 14 जणांना त्या काळात नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. इअरप्लग काढल्यावर ते आवाज गेले. त्याच्याही कितीतरी आधी, 1953 साली, हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानाची काहीच तक्रार नसलेल्या माणसांना पूर्ण ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं, तर बहुतेक सगळ्यांनाच काही ना काही ऐकू आलं. म्हणजे आवाज तयार होण्याची सोय प्रत्येकाच्या मेंदूत आहे. कुणाच्या बाबतीत तो जाणिवेच्या पुढच्या रांगेत येऊन का बसतो, हा खरा प्रश्न.

"मशीन लावलं की आवाज बंद होतो"

या समजाला इतिहास आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जॅक व्हर्नन हे संशोधक टिनिटसवर काम करत होते. स्वतः टिनिटसने त्रासलेले एक डॉक्टर त्यांच्यासोबत पोर्टलंड शहरातल्या एका मोठ्या कारंज्यापाशी उभे राहिले, आणि पाण्याच्या आवाजात आपली शिट्टी ऐकूच येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. कानाला लावायचं 'मास्कर' यंत्र पुढे आलं ते या अनुभवातून. कल्पना सरळ होती : बाहेरच्या आवाजाने आतला आवाज झाकून टाकायचा. अनेकांना त्याने तात्पुरता आराम मिळतो, आजही मिळतो. पण यंत्र काढलं की शिट्टी परत हजर, आणि ती झाकायला कधी कधी इतका मोठा आवाज लागतो की तोच जाच होतो.

1990 च्या सुमारास पावेल यास्त्रेबॉफ यांनी वेगळी मांडणी केली आणि लंडनचे कानतज्ज्ञ जॉनथन हेझेल यांच्यासोबत ती उपचारात उतरवली. त्यांचं म्हणणं असं की त्रास आवाजाच्या मोठेपणातून कमी आणि मेंदूने त्याला 'धोका' ठरवण्यातून जास्त होतो. पंखा रात्रभर फिरतो, फ्रिज घुरघुरतो, आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण मेंदूने ते बिनमहत्त्वाचं ठरवलेलं असतं. आतल्या शिट्टीचंही तसंच व्हावं, म्हणून समुपदेशन करायचं आणि जोडीला दिवसाचे सहा-आठ तास मंद, एकसारखा आवाज द्यायचा. वर्ष-दीड वर्ष.

माझ्या खोलीत हे कसं चालतं ते सांगते. आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती ऐकू येतो याचा आलेख, काढते. मग हेडफोन लावून वेगवेगळे स्वर ऐकवायचे : "तुमचा आवाज असा आहे का? की याहून बारीक? आता हा?" माणूस डोळे मिटून ऐकत असतो आणि एका क्षणी चमकून हात वर करतो, "हाच! हाच तो." आपल्या आत इतके दिवस वाजत असलेला आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकताना कित्येकांचे डोळे भरून येतात, कारण तो आता दुसऱ्या कुणालातरी ऐकवता येतो. त्यानंतर मी त्याची पातळी मोजते, आणि इथे दुसरा धक्का असतो. जो आवाज "जेट विमानासारखा" म्हणून सांगितला होता, तो बहुतेक वेळा त्या माणसाला ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा जेमतेम पाच-दहा डेसिबल वर भरतो. पानांची सळसळ असावी, एवढाच. माणूस अतिशयोक्ती करत नसतो. आवाज लहान आणि त्रास मोठा असू शकतो, आणि यंत्राने धरायचा आहे तो त्रास.

यंत्र बसवताना व्हॉल्यूम हळूहळू वाढवत नेते आणि विचारत राहते, "तुमची शिट्टी अजून ऐकू येतेय ना?" माणसाला वाटतं, आता ती बुडेल. मी तिथेच थांबते. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळू लागतात पण आतला अजून ओळखता येतो, ती जागा हवी असते. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होण्याची संधीच मिळत नाही. हे समजावल्यावर बरेच जण नाराज होतात, आणि ती नाराजी मला पटते. पैसे मोजलेले असतात, शांतता विकत घ्यायची असते. म्हणून ही गोष्ट यंत्र घेण्याआधी सांगणं हे माझं कर्तव्य आहे, घेतल्यानंतर नव्हे.

"जितका मोठा आवाज, तितका लवकर गुण"

उलट आहे. हेडफोन लावून रात्रभर मोठ्याने व्हाइट नॉइज, म्हणजे एकसारखा खरखरता आवाज, ऐकणारे लोक भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा मापदंड प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल असा आहे, आणि रोज रात्री आठ तास कान चालू ठेवले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. उपचाराचा आवाज याच्या कितीतरी खाली असतो, इतका की त्यावर आरामात गप्पा मारता येतात. गप्पा मारायला अडचण होत असेल तर व्हॉल्यूम जास्त आहे, असं समजा. झोपताना हेडफोनपेक्षा टेबलावरचा छोटा स्पीकर किंवा साधा पंखा चांगला. पावसाचा आवाज आवडत असेल तर पाऊस, तानपुरा आवडत असेल तर तानपुरा. अमुकच रंगाचा नॉइज हवा असा नियम नाही. जो आवाज चालू आहे हे तुम्ही विसरून जाल, तो योग्य.

"कान नाजूक झालेत, म्हणून बोळे घालून ठेवायचे"

टिनिटस असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना नेहमीचे आवाजही सहन होत नाहीत. स्टीलची ताटं आदळली, मिक्सर लागला, रिक्षाचा हॉर्न वाजला, की कानात कळ येते. याला हायपरअक्युसिस म्हणतात. साधारण माणसाला आवाज असह्य व्हायला लागतो तो 100 डेसिबलच्या आसपास. यांना त्याच्या बराच अलीकडे. मग घरचे काय करतात? भांडी हळू, टीव्ही बंद, खिडक्या बंद, कानात कापूस. हे सगळं मायेपोटी असतं, आणि त्रास वाढवतं.

2003 साली फॉर्मबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या स्वयंसेवकांवर याची परीक्षा घेतली. काही आठवडे कानात इअरप्लग, आणि वेगळ्या काळात कानाला लावलेल्या यंत्रातून मंद आवाज. इअरप्लगनंतर तेच आवाज त्यांना जास्त मोठे वाटू लागले. मंद आवाजानंतर उलट, सहनशक्ती वाढली. मेंदू आपली संवेदना सतत जुळवून घेत असतो. त्याला उपाशी ठेवलं की तो चुटपुटत्या आवाजावरही तुटून पडतो.

म्हणून हायपरअक्युसिसमध्ये यंत्राचं काम सवय लावण्याचं. जेमतेम ऐकू येईल इतक्या पातळीवर सुरुवात करायची आणि आठवड्याआठवड्याने वाढवत न्यायचं. यंत्र कानाचं भोक पूर्ण बंद करणारं नको, उघड्या बसवणीचं हवं, नाहीतर आपणच इअरप्लग लावल्यासारखं होतं. घाई केली तर एका वाईट दिवशी माणूस यंत्र काढून ठेवतो आणि पुन्हा हात लावत नाही. ही गती ठरवायला जाणकार लागतो, ॲप पुरत नाही.

इअरप्लग कधीच वापरू नयेत का? जरूर वापरावेत, जिथे आवाज खरोखर घातक आहे तिथे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या माळेजवळ, कारखान्यातल्या प्रेसपाशी. ढोल-ताशा पथकात वादन करणाऱ्या मुलामुलींनी तर सरावालाही ते घालावेत, कारण उत्सव दहा दिवसांचा असला तरी सराव कितीतरी आधीपासून चालतो. तालमीनंतर कान बधिर होऊन रात्रभर वाजत राहतात, याचं या मुलांना कौतुक वाटतं. तो कानाने दिलेला इशारा आहे. स्वयंपाकघरात, देवळात, बसमध्ये मात्र कान उघडे ठेवावेत.

एक फरक इथे सांगायला हवा. आवाजाचा मोठेपणा सहन न होणं वेगळं, आणि शेजारच्याचं चघळणं, भुरके मारणं, पेनाची टकटक अशा ठराविक आवाजांनी संताप येणं वेगळं. दुसऱ्याला मिसोफोनिया म्हणतात. त्यात कानाची सहनशक्ती व्यवस्थित असते. नुसतं कानामागचं यंत्र देऊन त्याचं भागत नाही. मानसोपचाराची जोड लागते. अशा मुलाला जेवणाच्या ताटावर "नाटकं करू नकोस" म्हणणाऱ्या आईवडिलांना मी हे हात जोडून सांगते.

"मला सगळं ऐकू येतं, श्रवणयंत्र कशाला?"

ऐकू येतं, पण समोरच्याचं बोलणं गर्दीत कळत नाही. फोनवर 'स' आणि 'फ' यांत गोंधळ होतो. ऑडिओग्राम काढला की उंच स्वरांकडे रेघ घसरलेली दिसते. अशा व्यक्तीला स्वतंत्र आवाजाचं यंत्र देण्याआधी साधं श्रवणयंत्र लावून बघावं, असं माझं ठाम मत आहे. बाहेरचे राहून गेलेले आवाज मेंदूकडे पोचू लागले की आतल्या आवाजाचा उठाव कमी होतो, आणि ऐकताना होणारी ओढाताणही थांबते. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना ऐकू कमी येतं आणि टिनिटसचा सततचा त्रास आहे त्यांना श्रवणयंत्राच्या चाचणीची शिफारस केली. नुसत्या ध्वनिउपचाराला मात्र 'देता येईल' एवढाच दर्जा दिला. आजच्या बऱ्याच श्रवणयंत्रांत मंद आवाजाची सोय आतच असते, त्यामुळे दोन यंत्रं घ्यावी लागत नाहीत. आपल्याकडे अडचण लाजेची. चष्मा मिरवतो, कानाचं मशीन लपवतो.

"अभ्यासात सिद्ध झालंय" आणि "सगळं थोतांड आहे"

दुकानदार पहिलं वाक्य म्हणतो, निराश झालेला रुग्ण दुसरं. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

2018 साली कॉक्रेन या संस्थेने ध्वनिउपचाराच्या यंत्रांचा आढावा घेतला. 8 अभ्यास, 590 रुग्ण. नुसती वाट बघण्यापेक्षा, खोट्या यंत्रापेक्षा किंवा फक्त माहिती देण्यापेक्षा ही यंत्रं सरस ठरतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. आणि मुळात अभ्यासांचा दर्जाही कमी होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांमध्ये 151 जणांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना यास्त्रेबॉफ पद्धतीचा पूर्ण उपचार, काहींना तेच समुपदेशन पण आवाज विरून जाणारं खोटं यंत्र, काहींना नेहमीची चांगली काळजी. तिन्ही गटांतल्या सुमारे निम्म्या लोकांचा त्रास लक्षणीय कमी झाला, आणि गटागटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

हे निकाल वाचून यंत्रं फेकून द्यावीत असं काहींना वाटेल. मला त्यातून दुसरंच दिसतं. तिन्ही गटांत एक गोष्ट समान होती : कुणीतरी त्या माणसासमोर बसून, वेळ देऊन, काय चाललंय ते समजावून सांगितलं होतं. यंत्र या बोलण्याच्या हाताशी असावं. त्याच्या जागी नसावं. जो विक्रेता कान न तपासता, प्रश्न न विचारता डबा हातात देतो, तो उपचारातला महत्त्वाचा भागच वजा करून पूर्ण किंमत घेतो. याची मला मनापासून चीड येते.

नवी यंत्रंही येत आहेत. आयर्लंडमधल्या एका कंपनीच्या लेनिअर या यंत्रात कानात आवाज आणि त्याच वेळी जिभेवर विजेचे सौम्य ठोके अशी जोडी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2023 मध्ये त्याला मान्यता दिली. 326 जणांवरच्या त्याच्या मोठ्या चाचणीत अनेकांना बरं वाटलं, पण त्यात खोट्या यंत्राचा तुलनागट नव्हता, हेही लक्षात ठेवावं. आशा ठेवायला हरकत नाही, कर्ज काढायला आहे.

घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचं ते इतकंच : काही आठवडे वापरून परत करता येईल का, व्हॉल्यूमची कमाल पातळी बांधून देता येईल का, आणि पुढच्या भेटी कोण घेणार? बसवून देणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्याची तपासणी होते. अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही होते.

"एखादी गोळी, थोडं तेल, बरं होईल"

चक्करेसाठी दिली जाणारी बीटाहिस्टिन ही गोळी आपल्याकडे कानात आवाज आला की सर्रास लिहिली जाते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2020 मध्ये, फक्त टिनिटससाठी ती देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. जिंकगो, जस्त यांचाही भरवसा नाही. कानात कोमट तेल, लसणीचा रस घालू नका. पडद्याला भोक असेल तर इजा होते. काडी घालून मळ आत ढकलला तर त्यानेही आवाज येऊ शकतो, आणि तो मळ डॉक्टरांनी काढल्यावर कधी कधी आवाज जातोही. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनीन, काही प्रतिजैविकं आणि केमोथेरपीतलं सिसप्लॅटिन यांनी आवाज सुरू होऊ शकतो. अशी औषधं चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

काही वेळा यंत्राचा विचारही करायचा नसतो, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धावायचं असतं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. एकाच कानात येतो. सोबत गरगरतं किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडते. आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे एक कान अचानक, दोन-तीन दिवसांत, बंद पडणं. "सर्दीने बसला असेल" म्हणून लोक थांबतात. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू करावा लागतो. या एका कारणाने गेलेले कान मी पाहिले आहेत, आणि ते वाचू शकले असते.

"याला इलाज नाही, आता असंच जगा"

दवाखान्यात सहज उच्चारलं जाणारं हे वाक्य. बोलणारा खोटं बोलत नसतो. आवाज कायमचा पुसणारा उपाय आज नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आज रात्री जे होतंय तेच मरेपर्यंत होणार. तसं होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत सुरुवातीचे महिने सगळ्यात वाईट असतात, नंतर मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. ते शिकणं लवकर व्हावं म्हणून आज ज्या उपायामागे पुरावा जास्त आहे तो म्हणजे वर्तन-विचार उपचार, आवाजाविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 28 अभ्यास आणि 2733 रुग्ण होते, आणि टिनिटसमुळे आयुष्यावर होणारा परिणाम त्याने कमी होतो असं दिसलं. आवाज तसाच राहिला तरी झोप लागली, ऑफिसात लक्ष लागलं, नातवाशी खेळता आलं.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी 25 प्रश्नांची एक प्रश्नावली देते. आवाजामुळे चिडचिड होते का, झोपायला त्रास होतो का, यातून सुटकाच नाही असं वाटतं का? सुटकेच्या या प्रश्नाला "हो" आलं की यंत्राचं कॅटलॉग मी बाजूला सारते आणि आधी त्या माणसाशी, शक्य असेल तर घरच्यांशी, बोलते. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ त्याच दिवशी मागते. रात्रीबेरात्री अगदीच सहन होईनासं झालं तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीतून बोलता येतं.